जे साहेबांचा तह

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात इतिहासावर काही बोलावे, असे मंडळाच्या चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा आम्ही नकारच कळविणार होतो. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन आम्ही शिक्षकाच्या पेशात शिरलो. त्यापलीकडे आमचे शिक्षण नाही. पाठ्यपुस्तकातील इतिहास मुलांकडून घोकून घेण्यात हयात गेली. स्वतःच्या समाधानासाठी चार ग्रंथ वाचावयास सवड मिळाली ती निवृत्तीनंतर. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते पंडिताचे प्रवचन नव्हे. एका उशिरा जाग्या झालेल्या विद्यार्थ्याचे टाचण आहे, असे समजून गोड करून घ्यावे.

विषय कसा सुचला तेही सांगितले पाहिजे. आमचा एक पुतण्या न्यूयॉर्क शहरी नोकरीस आहे. दिवाळीत त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, इथे जॉन जे यांच्या नावाचे एक मोठे महाविद्यालय आहे. हे गृहस्थ कोण?" आम्ही मोठ्या ऐटीत उत्तर दिले, "अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश." तो म्हणाला, "तेवढे मलाही ठाऊक आहे. पण मग लोकांनी त्यांचे पुतळे का जाळले?" याचे उत्तर आम्हांस एका वाक्यात देता येईना. एवढेच आठवले की इंग्रजांशी त्यांनी एक तह केला व त्यात अमेरिकेची मानखंडना झाली, असे कोणत्याशा पुस्तकात वाचले होते. मुलांनाही आम्ही एकदोनदा तसेच सांगितले असेल. मग ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचीत बसलो, आणि आमचे मत पुष्कळसे बदलले.

आरंभी एक अडचण दूर करू. 'जे' हे आडनाव मराठी वाक्यात आले की सर्वनामासारखे वाटते आणि वाचणारा पुढे 'ते' शोधू लागतो. म्हणून आम्ही त्यांस जे साहेब म्हणणार आहोत.

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध शस्त्र उपसले ते १७७५ मध्ये. १७८१ च्या ऑक्टोबरात यॉर्कटाऊन येथे कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली आणि ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिस येथे तह होऊन अमेरिका स्वतंत्र झाली. तो तह घडविणाऱ्या अमेरिकन वकिलांतही फ्रँकलिन आणि ॲडम्स यांच्या जोडीला जे साहेब होतेच. हाच कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला आणि टिपूवरील मोहिमेत मराठे व निजाम यांच्याशी सख्य करून लढला, हे आपणांस ठाऊक आहे. आमच्या मुलांना तो दोन वेगळ्या धड्यांत भेटे आणि त्यांना ती दोन माणसे वाटत.

पॅरिसचा तह झाला खरा, पण तो दोघांपैकी कोणीच नीट पाळला नाही. इंग्रजांनी आपले सैन्य अमेरिकेच्या भूमीवरून शक्य तितक्या लवकर काढून घ्यावयाचे होते. परंतु कॅनडाच्या सीमेवरील सरोवरांच्या काठी डेट्रॉइट, नायगारा, ऑस्वेगो, मिशिलिमॅकिनॅक अशी जी ठाणी होती ती त्यांनी सोडलीच नाहीत. केसाळ कातड्यांचा किफायतीचा व्यापार या ठाण्यांवरून चाले, आणि तेथील मूळ रहिवासी जमातींशी इंग्रजांचा स्नेहही तेथूनच राखला जाई. अमेरिकनांनी युद्धापूर्वीची कर्जे इंग्रज सावकारांस फेडावयाची होती. ती वसूल होण्यास कायद्याची आडकाठी करावयाची नव्हती. परंतु कित्येक राज्यांनी आडकाठी केली. सर्वांत मोठे देणेकरी व्हर्जिनियाचे तंबाखूचे बागाईतदार होते. इंग्रजांचे म्हणणे, आधी पैसे द्या, मग ठाणी सोडू. अमेरिकनांचे म्हणणे, आधी ठाणी सोडा, मग पैशाचे पाहू. शिवाय युद्ध संपताना न्यूयॉर्कहून निघालेल्या इंग्रज जहाजांतून सुमारे तीन हजार निग्रो स्त्रीपुरुष व मुले बाहेर गेली. त्यांतील बहुतेक मालकांकडून पळून इंग्रजांच्या आश्रयास आलेली होती. त्यांची किंमत भरून द्या, ही दक्षिणेकडील मालकांची तक्रार वेगळीच. वाटणीपत्रावर अंगठे उमटल्यानंतरही बांधावरून भांडणारे भाऊबंद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही.

दहा वर्षे असे धुमसत राहिले. मग १७९३ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध जुंपले. फ्रान्सच्या मदतीने अमेरिका स्वतंत्र झाली होती, त्यामुळे लोकांचे मन फ्रान्सकडे. परंतु अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी एप्रिल १७९३ मध्ये तटस्थता जाहीर केली. तटस्थ देशाची जहाजे दोन्हीकडे माल नेतात आणि दोन्हीकडून मार खातात. त्या नोव्हेंबरात इंग्रज सरकारने हुकूम काढला की फ्रेंचांच्या वेस्ट इंडीज बेटांशी व्यापार करणारी जहाजे पकडावीत. हुकूम जाहीर होण्याआधीच तो आरमाराच्या हाती पडला होता, आणि पाहता पाहता अडीचशेच्या आसपास अमेरिकन जहाजे पकडली गेली. खलाशांस 'तुम्ही मूळचे इंग्रजच' असे म्हणून जबरदस्तीने आपल्या युद्धनौकांवर नेण्याचा उद्योग तर नित्याचाच झाला होता.

अमेरिकेत सूडाची भाषा सुरू झाली. पण लढावयाचे कशाने? आरमार म्हणून काही नव्हतेच. सहा युद्धनौका बांधण्याचा कायदा मार्च १७९४ मध्ये झाला, त्यांपैकी एकही तेव्हा पाण्यावर नव्हती. खजिना चाले तो आयात मालावरील जकातीवर, आणि आयातीचा मोठा भाग येई इंग्लंडहून. म्हणजे इंग्लंडशी युद्ध पुकारताच युद्धाचा पैसाच आटणार. जाहीर सभेत मूठ आवळणाऱ्यांस हा हिशेब दिसत नव्हता. वॉशिंग्टन आणि त्यांचे हॅमिल्टन यांना तो दिसत होता. म्हणून शेवटचा प्रयत्न या नात्याने सरन्यायाधीश जे साहेबांस वकील म्हणून धाडावयाचे ठरले, आणि १२ मे १७९४ रोजी ते न्यूयॉर्कहून निघाले.

लंडनमध्ये समोर होते परराष्ट्रमंत्री लॉर्ड ग्रेनव्हिल. दोघांनीही वादाचा आवाज चढू दिला नाही. जे साहेबांच्या हाती हुकमाचे एकच पान होते. स्वीडन व डेन्मार्क या तटस्थ राष्ट्रांनी इंग्रजांच्या दांडगाईविरुद्ध सशस्त्र एकी केली होती, तीत अमेरिका सामील होईल अशी धास्ती घालावयाची. परंतु इकडे फिलाडेल्फियात हॅमिल्टन साहेबांनी इंग्रज वकिलास आधीच बोलून टाकले की आम्ही त्या एकीत जाणार नाही. ते वर्तमान लंडनला पोहोचले, आणि होते ते एक पानही प्रतिपक्षास दिसले. हॅमिल्टन यांच्या बुद्धीविषयी आम्हांस आदर आहे. पण घरचा कारभारी शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून घरची अडचण सांगू लागला, तर वाटाघाटीस गेलेल्याने काय करावे!

१९ नोव्हेंबर १७९४ रोजी अठ्ठावीस कलमांच्या तहावर सह्या झाल्या. त्यात मिळाले ते असे. १ जून १७९६ पर्यंत इंग्रजांनी ठाणी रिकामी करावयाची. पकडलेल्या जहाजांची भरपाई, जुन्या कर्जांची रक्कम आणि ईशान्येकडील सेंट क्रॉय नदी नेमकी कोणती, हे तीन तंटे दोन्ही पक्षांच्या संयुक्त पंचमंडळांकडे सोपवावयाचे. नदी कोणती हाही तंट्याचा विषय होता, हे ऐकून आपण हसाल. पण पॅरिसच्या तहात नाव लिहिले होते आणि त्या नावाची नदी कोणती यावर एकमत नव्हते. आमच्या तालुक्यातही सात-बारावर असे ओढे आहेत.

न मिळालेले त्याहून अधिक. खलाशी पकडण्याविषयी तहात एक अक्षर नाही. नेलेल्या गुलामांची भरपाई नाही. तटस्थ जहाजावरील शत्रूचा माल पकडू नये, हे अमेरिकेचे आवडते तत्त्व सोडून द्यावे लागले. आणि बारावे कलम तर चेष्टाच वाटावी असे होते. इंग्रजांच्या वेस्ट इंडीज बेटांत अमेरिकन जहाजांनी व्यापार करावा, परंतु जहाज सत्तर टनांहून मोठे नसावे. आणि या सवलतीच्या बदल्यात काकवी, साखर, कॉफी, कोको, कापूस यांची निर्यात अमेरिकेने आपल्या जहाजांतून जगात कोठेही करू नये! दक्षिणेत कापसाची लागवड नुकती वाढू लागली होती. तो कापूस या यादीत आपण लिहू देत आहोत, याचे भान जे साहेबांस राहिले नसावे. येथे मात्र आम्ही त्यांची वकिली करणार नाही. ही चूकच झाली.

तेरावे कलम वाचताना आम्ही एकदम थबकलो, कारण त्यात आपला देश आहे. पूर्वेकडील इंग्रजी मुलखाच्या बंदरांत अमेरिकन जहाजांस व्यापाराची मुभा त्यात दिली आहे. म्हणजे कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई. अट इतकीच की येथला माल थेट अमेरिकेस न्यावा आणि आमच्या किनाऱ्यावर बंदरोबंदरीचा व्यापार करू नये. जहाजे त्यापूर्वीही येत होती. वॉशिंग्टन यांनी १७९२ मध्येच कलकत्त्यासाठी बेंजामिन जॉय नावाच्या गृहस्थास वकील नेमले होते, पण कंपनी सरकारने त्यांना वकील म्हणून मान्यता न देता केवळ व्यापारी म्हणून राहू दिले. तहाने त्या येण्याजाण्यास लेखी आधार मिळाला. मॅसॅच्युसेट्समधील सेलम या लहानशा बंदराची भरभराट या पूर्वेच्या व्यापाराने झाली, आणि तेथील खलाशांनी १७९९ मध्ये काढलेल्या संस्थेतून वाढलेल्या संग्रहालयात अमेरिकन जहाजांचे मुंबईतील व्यवहार पाहणारे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे चित्र आहे. आमच्या पुतण्यास आम्ही सांगून ठेवले आहे की तिकडे जाणे झाले तर ते पाहून ये. असो.

तहाचा कागद फिलाडेल्फियास पोहोचला ७ मार्च १७९५ ला. चारच दिवसांनी, ११ मार्चला, इकडे खर्ड्याच्या मैदानावर मराठी फौजांनी निजामाचा पराभव केला. ही दोन वर्षे मनात एकत्र राहावीत म्हणून सांगितले. संबंध काही नाही.

वॉशिंग्टन यांनी कागद कुलुपात ठेवला. जूनमध्ये वरिष्ठ सभागृहाची म्हणजे सिनेटची खास बैठक बोलाविली आणि बंद दारांआड चर्चा केली. २४ जून रोजी विरुद्ध दहा मते पडली, बाजूने वीस. तहास दोन तृतीयांश मते लागतात. म्हणजे एकही मत कमी पडते तरी तह बुडाला असता. बाराव्या कलमातील तो व्यापाराचा भाग गाळण्याच्या अटीवर ही संमती मिळाली. तरीही मजकूर गुप्तच होता. तो फोडला व्हर्जिनियाचे सिनेटर मेसन यांनी. त्यांनी आपली प्रत एका विरोधी वृत्तपत्राच्या संपादकास दिली. हे संपादक म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन यांचेच नातू. त्यांनी जुलैच्या आरंभी त्याची पुस्तिका छापून गावोगाव पोहोचविली.

मग जो वणवा पेटला त्याचे वर्णन वाचताना आजही नवल वाटते. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत शहराशहरांत जे साहेबांचे पुतळे करून जाळण्यात आले. आपल्याच जळत्या पुतळ्यांच्या उजेडात मी रात्री देशभर प्रवास करू शकेन, असे ते म्हणाल्याची आख्यायिका आहे. न्यूयॉर्क येथे १८ जुलैच्या सभेत हॅमिल्टन तहाच्या बाजूने बोलावयास उभे राहिले, तेव्हा त्यांच्यावर दगड आले. ते घरी गेले आणि लेखणी घेऊन बसले. टोपणनावाने अडतीस लेखांची माला निघाली, त्यांपैकी अठ्ठावीस त्यांचे आणि बाकीचे त्यांचे मित्र रूफस किंग यांचे. दगडास लेखाने उत्तर देण्याची ही रीत आम्हांस शिक्षक या नात्याने फार आवडली. चार्ल्सटन येथे रटलेज नावाच्या थोर कायदेपंडितांनी तहावर जळजळीत भाषण केले. जे साहेबांच्या जागी सरन्यायाधीश म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. सिनेटने ती डिसेंबरात फेटाळली. जे साहेब लंडनमध्ये असतानाच न्यूयॉर्क राज्याच्या लोकांनी त्यांस गव्हर्नर निवडून दिले होते, आणि परत येताच त्यांनी न्यायासन सोडले होते. ही निवडणूक तहाचा मजकूर फुटण्यापूर्वीची. नंतर झाली असती तर काय झाले असते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

सही करावी की न करावी, या विचारात वॉशिंग्टन यांचा जुलै गेला. त्यातच इंग्रजांनी धान्याची जहाजे पुन्हा पकडल्याचे कळले. परराष्ट्रमंत्री रँडॉल्फ यांचे मत, तोवर सही थांबवावी. इतक्यात एक फ्रेंच वकिलाचे पकडलेले पत्र पुढे आले. त्यात रँडॉल्फ यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका यावी अशी वाक्ये होती. ते राजीनामा देऊन बाहेर पडले. आरोप पुढे कधी सिद्ध झाला नाही. ऑगस्टच्या मध्यास वॉशिंग्टन यांनी सही केली. राष्ट्रपिता म्हणून ज्यांच्याविषयी कोणी वावगा शब्द काढीत नसे, त्यांच्यावर वृत्तपत्रांतून उघड चिखलफेक होऊ लागली ती तेव्हापासून.

तरी प्रकरण संपले नाही. तह अंमलात आणावयास पैसा लागतो आणि पैशाची किल्ली कनिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या हाती. तेथे मॅडिसन यांचे विरोधी बहुमत. १७९६ च्या मार्चमध्ये त्यांनी वाटाघाटींचे सर्व कागद मागितले. ठराव ६२ विरुद्ध ३७ मतांनी संमत झाला. वॉशिंग्टन यांनी स्वच्छ नकार दिला. तह करणे हे अध्यक्ष आणि सिनेट यांचे काम, असे त्यांचे उत्तर. २८ एप्रिलला फिशर एम्स नावाचे एक आजारी प्रतिनिधी बोलावयास उभे राहिले. तह मोडला तर सरहद्दीवरील घरांवर पुन्हा हल्ले होतील, त्या रक्ताचा जाब कोण देणार, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले असे सांगतात. दुसऱ्या दिवशी मते मोजली, तेव्हा एकोणपन्नास विरुद्ध एकोणपन्नास! अध्यक्षस्थानी होते म्यूलेनबर्ग. ते विरोधी गोटातले मानले जात. त्यांनी आपले निर्णायक मत तहाच्या बाजूने टाकले. ३० एप्रिल रोजी अखेरचे मतदान ५१ विरुद्ध ४८ असे झाले. ती मुदत संपल्यावर म्यूलेनबर्ग पुन्हा त्या सभागृहात आले नाहीत.

येथे आमच्या घरची एक गोष्ट सांगण्याची परवानगी घेतो. आमच्या वडिलांचा आणि त्यांच्या चुलतभावांचा एका विहिरीवरून बारा वर्षे दावा चालला होता. विहीर आमच्या बांधात, पण निम्मी खोदाई त्यांच्या वडिलांची. १९७१ मध्ये, निकाल जवळ आला असता, वडील एके दिवशी तालुक्यास गेले आणि तडजोड करून आले. आठवड्यातील चार दिवस पाण्याची पाळी चुलत्यांची, तीन दिवस आमची. आजीने महिनाभर वडिलांशी बोलणे टाकले. भावकीत म्हणू लागले, नाक कापून आला. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतो. जेवताना आम्ही वडिलांस विचारले, "दावा आपणच जिंकणार होतो ना?" ते म्हणाले, "जिंकलो असतो तर त्यांनी वर अपील केले असते. माझ्याकडे अपिलाला पैसे नव्हते." आम्हांस हे उत्तर भित्रेपणाचे वाटले आणि आम्ही ताटावरून उठलो. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. दोन्ही घरांनी मिळून विहिरीचा गाळ काढला, ती दोन पुरुष खोल नेली. दावा चालू असता तर कोर्टाच्या मनाईमुळे कोणालाच तीत उतरता आले नसते. आम्ही ताटावरून उठल्याबद्दल वडिलांची क्षमा कधी मागितली नाही, आणि आता ते नाहीत.

जे साहेबांच्या तहाकडे आम्ही वळून पाहतो ते या अपिलाच्या पैशाच्या नजरेने. इंग्रजांनी ठाणी खरोखर सोडली. ११ जुलै १७९६ रोजी डेट्रॉइटवर अमेरिकेचे निशाण चढले. पंचांनी १७९८ मध्ये सेंट क्रॉय नदी ठरवून दिली. जहाजांच्या भरपाईपोटी अमेरिकन व्यापाऱ्यांस एक कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. कर्जाचे पंचमंडळ भांडून मोडले, तेव्हा १८०२ च्या करारान्वये अमेरिकेने सहा लाख पौंड देऊन तो विषय मिटविला. राष्ट्राराष्ट्रांतील तंटे पंचांपुढे नेण्याची अर्वाचीन प्रथा या तहापासून मोजतात. तहाच्या बातमीने चमकून स्पेननेही १७९५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेशी करार करून मिसिसिपी नदी वाहतुकीस मोकळी केली. किंमतही पडली. फ्रान्स रुष्ट होऊन १७९८ पासून दोन वर्षे समुद्रावर अघोषित युद्ध झाले. आणि खलाशांचा जो प्रश्न तहात लिहिला नव्हता तो वाढत वाढत १८१२ च्या युद्धास एक कारण झाला. त्या युद्धात इंग्रजांनी वॉशिंग्टन नगरीतील राजवाडा जाळला. मग तहाने साधले काय? सतरा वर्षे साधली. १७९० च्या शिरगणतीत त्या देशात एकोणचाळीस लाख माणसे होती. १८१० मध्ये बहात्तर लाख.

इतकी बाजू मांडल्यावर एक गोष्ट राहते. तिच्यामुळे हे व्याख्यान जे साहेबांच्या नुसत्या स्तुतीवर थांबविता येत नाही. आमच्या विहिरीच्या तडजोडपत्रात आत्याचे नाव नव्हते. आत्या विधवा होऊन माहेरी आलेली. विहिरीकाठच्या एका वाफ्यात ती मिरची-वांगी लावी आणि त्यावर तिचा हातखर्च चाले. चार दिवस त्यांचे, तीन दिवस आमचे. आत्याचा दिवस कोणता, हे दोघांनीही विचारले नाही. वाफा दोन वर्षांत पडीक झाला.

त्या तहातही अशी माणसे होती. ठाणी ज्या भूमीवर होती, ती ज्यांची, त्या जमाती इंग्रजांच्या भरवशावर अमेरिकनांशी लढत होत्या. जे साहेब लंडनमध्ये बोलणी करीत असतानाच, २० ऑगस्ट १७९४ रोजी, फॉलन टिंबर्स येथे त्यांचा पराभव झाला. ते जवळच्या इंग्रज किल्ल्याकडे धावले. किल्ल्याचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडला गेला नाही. आतील अधिकाऱ्यास अमेरिकनांशी युद्ध ओढवून घ्यावयाचे नव्हते. पुढच्या ऑगस्टमध्ये ग्रीनव्हिल येथे त्यांना आजच्या ओहायो राज्याचा बहुतेक भाग लिहून द्यावा लागला. गुलामांच्या भरपाईची गोष्ट मात्र उलटी. ती मागणी जे साहेबांनी सोडून दिली म्हणून दक्षिणेने त्यांस सर्वाधिक शिव्या दिल्या. त्यांच्या स्वतःच्या घरी गुलाम होते, आणि गुलाममुक्तीसाठी न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या संस्थेचे पहिले अध्यक्षही तेच होते. या विसंगतीचा उलगडा आम्हांस झालेला नाही. त्यांच्या मनात काय होते कोण जाणे. परंतु ती तीन हजार माणसे कोणाच्या हिशेबात मालमत्ता म्हणून पुन्हा लिहिली गेली नाहीत.

जमातींसाठी तहात एकच ओळ राहिली, तिसऱ्या कलमात. त्यांनी नव्या सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे मोकळेपणाने जावे-यावे, आणि त्यांच्या स्वतःच्या सामानावर जकात घेऊ नये. तहातील बहुतेक व्यापारी कलमे बारा वर्षांत संपली. ही ओळ अजून कोर्टांत वाचली जाते. अमेरिकेच्या कायद्याने कॅनडात जन्मलेल्या मूळ जमातींच्या लोकांस येण्याचा हक्क मानला आहे. कॅनडाने मानलेला नाही. सेंट लॉरेन्स नदीकाठी अक्वेसास्ने नावाची मोहॉक लोकांची वस्ती आहे. दोन राष्ट्रांची सीमा तिच्या मधून जाते. तेथील एका गृहस्थाने अमेरिकेतून धुलाईयंत्र, शीतकपाट आणि तेलावर चालणारी शेगडी विकत घेऊन सीमेपलीकडे आपल्या घरी नेली. जकात मागितली, तेव्हा तो जे साहेबांचा तह घेऊन कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने १९५६ मध्ये निकाल दिला की तह झाला खरा, पण तो अंमलात आणणारा कायदा आमच्या संसदेने केलेला नाही. जकात भरावी लागेल.

पुतण्यास आम्ही हे सर्व लिहून कळविले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.